आधी वस्तू हातात, मग पैसे: ऑनलाइन जुनं घेताना-विकताना फसू नये म्हणून

पुण्यात रविवारी जुन्या बाजारात मिक्सर घेणारा माणूस काय करतो? उचलून बघतो, भांडं बसवून फिरवतो, वायर कुठे तडकलीय का ते बोटाने चाचपतो, भाव पाडतो आणि मग खिशात हात घालतो. ऑनलाइन जाहिरातीतून घेताना हाच माणूस उलटा वागतो. चार फोटो बघतो, फोनवर गोड बोलणं ऐकतो आणि पैसे पाठवून मोकळा होतो. सेकंडहँड व्यवहारातल्या बहुतेक सगळ्या फसवणुकी या उलट्या क्रमावर चालतात.

म्हणून एक नियम पाठ करा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यातूनच निघतात: वस्तू ज्याच्या हातात, पैसे त्याच्याच नावावर, आणि तेही वस्तू बघितल्यावर, त्याच जागी उभं राहून. समोरचा माणूस यातली एकही गोष्ट मोडायला सांगत असेल, तर कारण कितीही पटण्याजोगं असो, व्यवहार तिथेच सोडा. ओएलएक्स असो, फेसबुक मार्केटप्लेस असो की सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, नियम तोच.

आधी जवळ ठेवायच्या गोष्टी

- किरकोळ शिल्लक असलेलं वेगळं बचत खातं. यूपीआय फक्त त्याला जोडलेलं
- बँकेचं स्वतःचं ॲप, शिल्लक तपासण्यासाठी
- मोबाइल घ्यायचा असेल तर तुमचं चालू सिम, चार्जर, इअरफोन आणि पॉवर बँक
- पावतीचे दोन छापील कागद (मजकूर पायरी १० मध्ये दिला आहे)
- ओळखपत्राची प्रत. आधार द्यायचंच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं ‘मास्क्ड आधार’. प्रतीवर आडवं लिहा: "फक्त अमुक वस्तूच्या विक्रीसाठी, दिनांक अमुक"
- फोनमध्ये सेव्ह केलेला १९३० हा नंबर (ऑनलाइन पैसे गेले तर तक्रार करण्याचा)

## १. खातं आणि नंबर वेगळे करा

पगाराच्या किंवा मुदत ठेवींच्या खात्याला यूपीआय जोडून जुना सोफा विकायला बसू नका. वेगळ्या खात्यात दोन-तीन हजार असले, तर चूक झाली तरी नुकसान तेवढ्यावरच थांबतं. उद्या एखाद्या तक्रारीमुळे खात्यावर होल्ड आला, म्हणजे पैसे गोठवले गेले (तसं का होतं ते पायरी ५ मध्ये आहे), तरी घरखर्च अडत नाही.

जाहिरातीत मोबाइल नंबर उघड टाकू नका, ॲपमधल्या चॅटनेच सुरुवात करा. "चॅट नको, व्हॉट्सॲपवर या" अशी घाई करणाऱ्याला बहुतेक वेळा एवढंच हवं असतं की त्याचं खातं बंद झालं तरी तुमचा नंबर त्याच्याकडे राहावा.

वस्तूच्या फोटोत दाराची पाटी, गाडीचा नंबर, बिलावरचा पत्ता किंवा मोबाइलचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) दिसू देऊ नका. चोरीच्या वस्तूची कागदपत्रं तयार करायला हेच तपशील वापरले जातात.

## २. घेताना: जाहिरात कशी वाचायची

आधी भाव बघा. त्याच मॉडेलच्या दहा जाहिराती उघडा म्हणजे शहरातला चालू भाव कळतो. त्या भावाच्या निम्म्यात चांगली वस्तू कोणी देत नाही. "अर्जंट आहे, बदली झालीय" हे त्या निम्म्या भावाचं ठरलेलं कारण.

मग फोटो. गुगल लेन्सवर टाका. तोच फोटो दुसऱ्या शहराच्या जाहिरातीत किंवा कंपनीच्या वेबसाइटवर सापडला तर विषय संपला. नाही सापडला, तर एक ताजा फोटो मागा: वस्तूशेजारी कागद, कागदावर आजची तारीख आणि तुमचं नाव. वस्तू खरंच घरात असेल तर याला दोन मिनिटं लागतात. नसेल तर "तुमचा विश्वास नाही का?" असं उत्तर येतं. त्याहून चांगला उपाय व्हिडिओ कॉलचा. फ्रिज असेल तर दार उघडून दिवा दाखवायला सांगा, वॉशिंग मशीन असेल तर ड्रम फिरवायला सांगा.

प्रोफाइल कधी उघडलं तेही बघा. काल उघडलेल्या खात्यावर चार शहरांतल्या चार गाड्या विकायला असतील, तर तो मालक नाही.

आणि टोकन. "दुसरे दोघं मागतायत, हजार रुपये टाका, तुमच्यासाठी ठेवतो." न बघितलेल्या वस्तूसाठी एक रुपयाही टोकन नाही. वस्तू हातून गेली तर गेली, दुसरी मिळते. जुन्या पुस्तकांच्या बाबतीत एवढं काटेकोर कोणी राहत नाही, आणि तीनशे रुपयांच्या संचासाठी तशी गरजही नाही. पण पाच हजारांच्या वर गेलात की सवलत बंद.

## ३. फौजी साहेबांचा फोन

या व्यवहारातला हा सगळ्यात मुरलेला सापळा, आणि घेणारा-विकणारा दोघांसाठीही. त्यामुळे जरा सविस्तर.

जाहिरात असते बुलेटची, ॲक्टिव्हाची, फ्रिजची नाहीतर कॅमेऱ्याची. फोन केला की समोरचा सांगतो, मी आर्मीत किंवा सीआयएसएफमध्ये आहे, माझी बदली झाली, सामान इथेच ठेवून चाललोय. न मागताच वर्दीतला फोटो, कॅन्टीन कार्ड आणि आधार पाठवतो. ही ओळखपत्रं बहुधा कुठल्या तरी खऱ्या माणसाची असतात. आधीच्या सावजाकडून "खात्रीसाठी" म्हणून घेतलेली. म्हणून ओळखपत्राचा फोटो हा कसलाच पुरावा नाही, आणि तुम्ही तुमचं पाठवलंत तर पुढच्या माणसाला तुमचंच दाखवलं जाईल.

पुढचा क्रम ठरलेला असतो. वस्तू छावणीच्या आत किंवा विमानतळाच्या पार्किंगमध्ये असते, त्यामुळे बघायला येता येत नाही. "आर्मी पार्सल"ने घरी येणार, फक्त वाहतुकीचे हजार-दीड हजार आधी भरा. ते भरले की पार्सलवर तुमचं नाव लिहिलेला फोटो येतो. मग गेट पासचे पाच हजार, "रिफंडेबल". मग विम्याचे. मग "तुम्ही दोन मिनिटं उशिरा भरलेत, सिस्टीमने नाकारलं, पुन्हा भरा, आधीचे परत येतील." प्रत्येक रक्कम आधीच्या रकमेला सोडवण्यासाठी असते, म्हणून शहाणी माणसंही चाळीस-पन्नास हजारांपर्यंत जातात. लष्कर कोणाची खासगी स्कूटर घरपोच करून देत नाही. बदली झालेला खरा जवान गाडी मित्राकडे ठेवतो, रेल्वेने पाठवतो किंवा दारात उभी करून दाखवतो आणि विकतो.

तुम्ही विकत असाल तर हाच साहेब गिऱ्हाईक होतो. टेबल न बघता, भाव न करता, पहिल्याच फोनवर "डन सर" म्हणतो. जुन्या वस्तूला घासाघीस न करणारं गिऱ्हाईक दिसलं की सावध व्हा. मग म्हणतो, टेम्पो घेऊन माझा माणूस येईल, पैसे मी आत्ताच टाकतो, फक्त आमच्या खात्याची पद्धत जरा वेगळी आहे: "आप पहले पाँच रुपये भेजिए, दस वापस आएँगे." पाच पाठवले की खरंच दहा येतात. तेवढ्या पाच रुपयांत तो तुमचा विश्वास विकत घेतो. त्यानंतर येतो क्यूआर कोड.

## ४. विकताना: स्कॅन आणि पिन

क्यूआर कोडच्या चौकोनात जादू काही नसते. पैसे कोणत्या यूपीआय आयडीवर जायचे, नाव काय दाखवायचं, रक्कम किती आणि जोडीला एक छोटी टीप, एवढीच माहिती त्यात भरलेली असते. टीप बनवणाऱ्याच्या मर्जीची, चौकोनाखाली छापलेली अक्षरंही त्याच्याच मर्जीची. त्यामुळे कोडखाली मोठ्या अक्षरांत "तुम्हाला १२,००० रुपये मिळतील" लिहिलेलं असलं तरी आतला पत्ता त्याचाच असतो. स्कॅन करणारा देतो, कोड दाखवणारा घेतो. चहाच्या टपरीवर आपण रोज हेच करतो, पण तीच गोष्ट फोनवर कोणी घाईत सांगितली की उलटी वाटायला लागते.

यूपीआय पिनचंही तेच. पिन पैसे जाताना लागतो आणि स्वतःची शिल्लक बघताना लागतो. पैसे येताना स्कॅन, पिन, ओटीपी, "अॅक्सेप्ट"चं बटण यातलं काहीही लागत नाही. विक्रेत्याने द्यायचं ते फक्त आपला यूपीआय आयडी किंवा आपला क्यूआर कोड.

पूर्वी ठग "पैसे पाठवतोय, मंजूर करा" म्हणत कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे पैसे मागणारी विनंती, पाठवायचे. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवायची ही विनंती १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. दुकानदारांच्या काही खात्यांसाठी ती चालू राहिली, म्हणून निर्धास्त होऊ नका. पडद्यावर "पे" दिसलं आणि पिन मागितला, की पैसे तुमच्या खात्यातून जाणार, मग विनंती कोणाचीही असो.

बोलणं चालू असताना "अडचण येतेय, हे ॲप टाका, मी मदत करतो" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा व्हॉट्सॲपचं स्क्रीन शेअरिंग चालू झालं की तुमचा पडदा आणि त्यावर येणारे ओटीपी त्याला दिसतात. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी) "डिलिव्हरी स्लिप" म्हणून उघडायला सांगतात, तीही उघडू नका. चांदणी (*) आणि हॅश (#) असलेला एखादा कोड डायल करायला सांगितला तर तो कॉल वळवण्यासाठी असतो. चुकून डायल झालाच तर ##००२# डायल करा, वळवलेले सगळे कॉल रद्द होतात.

स्क्रीनशॉट. "पैसे गेले, हा बघा" म्हणून हिरवी टिकवाली प्रतिमा येते. हुबेहूब दिसणारी खोटी पेमेंट ॲप्स आहेत. नाव आणि रक्कम भरली की "यशस्वी" दाखवतात, आवाजही करतात. समोरासमोर उभ्या गिऱ्हाइकाच्या फोनवर दिसलं तरी ते त्याच्या फोनवर आहे. तुमचं बँकेचं ॲप उघडा, शिल्लक वाढली का बघा, मगच वस्तूवरचा हात काढा. "सर्व्हर डाउन आहे, संध्याकाळपर्यंत येतील" असं झालं तर वस्तूही संध्याकाळीच.

जास्त गेलेले पैसे. दीड हजारांची खुर्ची. तुमच्या फोनवर एसएमएस येतो, १५,००० जमा. लगेच रडवेला फोन: "एक शून्य जास्त पडलं, आई दवाखान्यात आहे, १३,५०० परत पाठवा." एसएमएस नीट बघा. बँकेचा व्यवहाराचा एसएमएस अक्षरांच्या हेडरवरून (पाठवणाऱ्याच्या जागी नंबर नाही, अक्षरं) येतो, दहा आकडी मोबाइल नंबरावरून येत नाही. आणि खात्यात खरोखरच जास्त पैसे आले असतील तरी स्वतः परत पाठवू नका. "तुमच्या बँकेला कळवा, मीही माझ्या बँकेला कळवतो" एवढं सांगा. का, ते पुढच्या पायरीत.

## ५. तिसरा माणूस

यात घेणाराही खरा असतो, विकणाराही खरा, वस्तूही खरी. खोटा फक्त तिसरा, आणि तो कुणाला दिसतच नाही.

समजा कोथरूडच्या एकाने ॲक्टिव्हा ५५ हजारांना टाकली. ठग त्याला फोन करतो: "गाडी पसंत आहे, माझा मेहुणा उद्या बघायला येईल. त्याच्यासमोर किमतीचा विषय काढू नका, आमचा घरगुती हिशेब आहे. पैसे मी टाकतो." मग तेच फोटो उचलून तो स्वतःची जाहिरात करतो, ३८ हजारांना. चिंचवडचं एक गिऱ्हाईक अडकतं. त्याला सांगतो: "गाडी माझ्या भावाकडे आहे, कोथरूडला जाऊन बघा. त्याच्याशी भाव बोलू नका, तो माझ्याकडून जास्त मागेल."

दोघं भेटतात. गाडी उत्तम, कागद बरोबर. चिंचवडकर बाजूला होऊन ठगाला ३८ हजार पाठवतो आणि चावी मागतो. कोथरूडकर म्हणतो, पैसे कुठेत? दहा मिनिटांत दोघं एकमेकांना चोर म्हणायला लागतात, आणि ठगाचा फोन बंद.

हा डाव दोघांच्या गप्प बसण्यावर चालतो. म्हणून भेटल्यावर पहिलं वाक्य हेच: "गाडीचे मालक तुम्हीच ना? किती म्हणालात?" किंमत मोठ्याने बोला. समोरच्याच्या कपाळावर आठी आली की डाव उघडा पडला. आणि पैसे पाठवताना आरसीवरचं (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचं) नाव आणि यूपीआय ॲपमध्ये दिसणारं बँकेतलं नाव एकच हवं. "माझ्या मित्राच्या खात्यावर टाका" हे वाक्य आलं की चावी परत द्या.

याच सापळ्याचा दुसरा प्रकार विकणाऱ्याला महाग पडतो. गिऱ्हाईक तुमच्या घरी येतं, लॅपटॉप बघतं, खात्यात ३० हजार खरंच जमा होतात. आठवड्याने तुमच्या खात्यावर होल्ड. ते पैसे दुसऱ्या राज्यात फसलेल्या कुणाचे होते, ठगाने थेट तुमच्या खात्यावर पाठवायला लावले, आणि त्या माणसाच्या तक्रारीत खातं निघालं तुमचं. जास्त आलेले पैसे परस्पर परत करू नयेत ते याचसाठी: तुम्ही परत पाठवता ठगाला, आणि देणं राहतं खऱ्या मालकाचं.

यावर उपाय एवढाच, की पैसे पाठवणाऱ्याचं नाव समोर उभ्या माणसाचंच असावं. ओळखपत्र बघा, नाव जुळवा, पावतीवर त्याची सही घ्या. नाव जुळत नसेल तर रोख मागा, नोटा तिथेच मोजा आणि दिव्याखाली धरून बघा. आणि होल्ड आलाच, तर बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि कुठल्या राज्यातल्या कुठल्या पोलीस ठाण्याच्या पत्राने होल्ड टाकला, हे लेखी घ्या. त्या ठाण्याला पावती, चॅट, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि वस्तूचं मूळ बिल पाठवा. म्हणून वस्तू विकल्यावर जाहिरात लगेच काढून टाकायच्या आधी तिचे फोटो ठेवा. हा कागद कधी लागेल सांगता येत नाही.

## ६. भेट कुठे घ्यायची

दिवसाउजेडी, वर्दळीच्या जागी: मेट्रो स्टेशनचं प्रवेशद्वार, मॉल, बँकेच्या शाखेबाहेर. महागडी वस्तू असेल तर बँकेची शाखाच बरी, कॅमेरे असतात आणि नोटाही तपासून मिळतात. सोबत एक जण घ्या. फ्रिज, कपाट, पलंग घरीच दाखवावे लागतात. तेव्हा घरात दोघं तरी असा, आणि वॉचमनच्या वहीत नोंद होऊ द्या. ठरलेली जागा ऐनवेळी बदलणाऱ्याकडे जाऊ नका.

## ७. मोबाइल घेताना: पंधरा मिनिटांची तपासणी

घाई करणाऱ्याला नमस्कार करून परत या. खालचा क्रम पाळा.

१) *#०६# डायल करा. पडद्यावर १५ आकडी आयएमईआय येतो, दोन सिमचा फोन असेल तर दोन. सेटिंगमधला, बॉक्सवरचा आणि बिलावरचा आकडा याच्याशी जुळवा.

२) केवायएम लिहून, एक जागा सोडून तो आकडा टाका आणि १४४२२ वर एसएमएस करा (ही तीन अक्षरं रोमन लिपीतच टाइप करायची). उत्तरात कंपनी आणि मॉडेल येतं. समोरच्या फोनशी ते जुळत नसेल, किंवा आकडा ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट असं काही आलं, तर घेऊ नका. दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवरही हेच बघता येतं. दोन्ही आयएमईआय तपासा, एकावर थांबू नका. चोरीच्या फोनची तक्रार झाली की तो सीईआयआर या सरकारी आयएमईआय नोंदणी यंत्रणेत बंद होतो आणि मग कोणतंही सिम घातलं तरी देशात नेटवर्क मिळत नाही.

३) विकणाऱ्याला स्वतःच्या खात्यातून बाहेर पडायला सांगा: आयफोनवर ‘फाइंड माय’ बंद, अँड्रॉइडवर गुगल खातं काढलेलं. मग तुमच्यासमोर फॅक्टरी रीसेट. पुन्हा चालू केल्यावर वायफाय जोडून शेवटपर्यंत जा. आधीच्या मालकाचा आयडी किंवा पासवर्ड मागितला तर तो फोन तुमच्यासाठी वीट आहे. "पासवर्ड नंतर व्हॉट्सॲप करतो" हे चालत नाही.

४) हप्त्यावर घेतलेल्या फोनमध्ये कर्ज देणाऱ्याचं लॉक असू शकतं. हप्ता थकला की फोन दुरूनच बंद होतो, मग फोन कुणाच्याही हातात असो. बिलावर फायनान्सचा उल्लेख असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र मागा.

५) आता यंत्र. तुमचं सिम घालून कॉल करा, स्पीकरवर आणि कानाला लावून दोन्ही. पुढचा-मागचा कॅमेरा, फिंगरप्रिंट, चेहऱ्याचं लॉक, चार्जिंग. पूर्ण पांढरा फोटो उघडून पडद्यावर डाग किंवा उभी रेष आहे का बघा. आयफोनची बॅटरी हेल्थ ८० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून वजा करा. नव्या आयफोनमध्ये ‘अबाउट’मध्ये बदललेले सुटे भागही दिसतात.

बिल नसलेला फोन स्वस्त असतो, कारण अनेकदा तो चोरीचा असतो. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं वाटायला कारण असूनही घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. "मला काय माहीत" हे म्हणणं बिल न मागणाऱ्याच्या तोंडी फार टिकत नाही.

लॅपटॉपला यातलं बरंच लागू आहे. जोडीला दोन गोष्टी: बायॉसला (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगला) पासवर्ड आहे का, आणि मशिन एखाद्या कंपनीच्या नियंत्रणात आहे का. नोकरी सोडताना परत न केलेले लॅपटॉप बाजारात येतात. रीसेट केल्यावर कंपनीचं नाव आणि लॉगिन दिसलं तर हात लावू नका.

## ८. स्वतःचा फोन विकताना

बॅकअप घ्या, बँकेची आणि यूपीआयची ॲप्स आतून लॉगआउट करा, नवीन फोनवर व्हॉट्सॲप सुरू करा, खाती काढा, मग रीसेट. सिम आणि मेमरी कार्ड काढायला हमखास विसरतात. आयएमईआय लिहून ठेवा आणि पावतीत टाका. उद्या त्या फोनवरून काही उद्योग झाला तर तो कोणत्या तारखेपासून तुमचा नव्हता हे दाखवता येतं.

## ९. गाडी

गाडीत पैसे जाण्यापेक्षा कागद राहून जाण्याची भीती मोठी आहे, आणि ती विकणाऱ्याला जास्त आहे. नाव बदललं नाही तर अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकाच्या मागे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच स्पष्ट केलं: आरटीओत ज्याचं नाव, तो कायद्यापुढे मालक, गाडी मधल्या काळात चार जणांनी विकलेली असली तरी.

घेणाऱ्याने एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून नोंदणी, विमा, पीयूसी आणि बोजा (गाडीवरचं कर्ज) बघावा. मग चासी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आरसीशी जुळवावा. आकड्यांवर ताजा रंग किंवा घासल्याच्या खुणा असतील तर गाडी सोडा. थकलेली ई-चलनं महाट्रॅफिक ॲपवर दिसतात, ती विकणाऱ्याने आधी भरायची. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला एचएसआरपी (सरकारी सुरक्षा नंबर) पाटी बसवलेली आहे का तेही बघा. नसेल तर आरटीओतलं काम अडतं.

कागद:

- मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी
- फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, दोघांच्या सह्यांसह
- कर्ज होतं तर फॉर्म ३५ आणि बँकेचं नाहरकत पत्र
- गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत जाणार असेल तर फॉर्म २८ वरची एनओसी
- दोघांची ओळखपत्रं, पत्त्याचा पुरावा

विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं (गाडी राज्याबाहेर जाणार असेल तर ४५ दिवसांत), घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. विमा कंपनीलाही १४ दिवसांत कळवा. कोऱ्या टीटी (गाडी नावावर करण्याच्या) फॉर्मवर सह्या करून एजंटच्या हाती देणं ही सगळ्यात महाग पडणारी सवय. तो गाडी सहा महिने फिरवतो, चलनं तुमच्या नावावर. गाडी देताना तारीख आणि *वेळ* टाकून ताबा पावती करा, मोटार असेल तर फास्टॅग बंद करा.

पैशाचं म्हणाल तर यूपीआयची व्यक्तीला पाठवायची रोजची मर्यादा साधारण १ लाख आहे, त्यापुढे बँकेतून एनईएफटी किंवा आयएमपीएस. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे, आणि दंड घेणाऱ्याला होतो.

## १०. पावती

दोन प्रती, दोन सह्या. एवढा मजकूर पुरतो:

> मी (नाव, पत्ता) माझ्या मालकीचा (वस्तू, कंपनी, मॉडेल, रंग, आयएमईआय किंवा सीरियल नंबर) आज दि. ____ रोजी ____ वाजता श्री./श्रीमती (नाव, पत्ता) यांना रु. ____ (अक्षरी ____) ला विकला. रक्कम रोख / यूपीआयने मिळाली, व्यवहार क्रमांक ____. वस्तू चोरीची नाही, तिच्यावर कोणाचं कर्ज किंवा हक्क नाही. घेणाऱ्याने वस्तू चालवून, तपासून घेतली आहे. सोबत दिलं: मूळ बिल / बॉक्स / चार्जर.

सही करायला कां-कूं करणारा विक्रेता दिसला तर त्याचं कारण शोधत बसायची गरज नाही. परत या.

## ११. पैसे गेलेच तर

पहिला अर्धा तास सगळ्यात महत्त्वाचा. गेलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात उडत जाते आणि शेवटी एटीएममधून निघते. निघायच्या आत अडवली तरच हाती लागते. म्हणून ठगाला फोन करून शिव्या देण्यात किंवा "सर प्लीज" म्हणण्यात वेळ घालवू नका.

१९३० ला फोन करा. तुमचा नंबर, बँक, रक्कम, वेळ आणि यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. तक्रार नोंदली की बँकांना साखळीतल्या खात्यांवर होल्ड टाकण्याची सूचना जाते. लाइन लागत नसेल तर थांबू नका, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार टाका. तक्रारीचा क्रमांक जपा. लगेच आपल्या बँकेला कळवून यूपीआय आणि कार्ड बंद करा.

बँकेला कळवण्याची वेळ का महत्त्वाची? रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणाने झालेलं नुकसान कळवेपर्यंत ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. पिन तुम्ही स्वतः टाकलेला असेल तर बँक "व्यवहार तुम्हीच मंजूर केला" म्हणणार हे धरून चाला. म्हणूनच होल्डवर भर.

चॅट, प्रोफाइल आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट घ्या, कॉलची यादी ठेवा, काहीही डिलीट करू नका. मग जवळच्या पोलीस ठाण्यात जा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६डी (तोतयेगिरीने फसवणूक, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड) इथे लागतात. "आमच्या हद्दीत येत नाही" असं म्हणाले तर झीरो एफआयआरची (हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवायची) तरतूद दाखवा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती आहे. होल्ड झालेली रक्कम परत मिळायला अनेकदा न्यायालयाचा आदेश लागतो, तेव्हा एफआयआर किंवा तक्रारीची प्रत सांभाळा.

पैसे गेले नाहीत, पण ठगाचा फोन आला होता? संचार साथीवर ‘चक्षू’ विभागात तो नंबर कळवा.

शेवटचा सापळा तक्रारीनंतर येतो. दोन-चार दिवसांनी "सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडली, सोडवायला प्रोसेसिंगचे दोन हजार भरा" असा फोन येईल. तुमचं नाव, गेलेली रक्कम, तारीख, सगळं त्याला पाठ असेल. असणारच, पैसे त्यानेच किंवा त्याच्या साथीदाराने घेतलेले असतात. पोलीस रक्कम परत द्यायला फी घेत नाहीत. हा नंबरही लिहून घ्या आणि जुन्याच तक्रारीत जोडा.